जुनाट मुखदुर्गंधी : कारणे आणि दंतोपचार

मुखदुर्गंधी ही आपल्या समाजात आजारापेक्षा लाजेची बाब मानली जाते. ज्याला ती असते त्याला बहुधा तिची जाणीव नसते, कारण सततच्या वासाला घ्राणेंद्रिय सरावते. आणि ज्यांना ती जाणवते ते संकोचाने बोलत नाहीत. मग बडीशेप, लवंग वा सुगंधी सुपारीने वास झाकला जातो आणि त्यामागील हिरड्यांचा विकार वाढत राहतो. सकाळी उठल्यावर किंवा लसूण खाल्ल्यानंतर येणारा वास तात्पुरता असतो. त्याचा येथे विचार नाही.

‘पोट साफ नाही म्हणून तोंडाला वास येतो’ हा समज सार्वत्रिक असला तरी सुमारे ८० ते ९० टक्के रुग्णांत दुर्गंधीचा उगम तोंडातच असतो. जिभेचा मागील खडबडीत भाग, दातांमधील फटी आणि हिरड्यांखालची जागा येथे प्राणवायूविना जगणारे जिवाणू वाढतात. अन्नकण, लाळ व गळून पडलेल्या पेशी यांतील प्रथिनांचे ते विघटन करतात. सिस्टीन या अमिनो आम्लापासून हायड्रोजन सल्फाइड, तर मेथिओनीनपासून मिथाइल मरकॅप्टन तयार होते. हे गंधकयुक्त वायू हेच दुर्गंधीचे मुख्य कारण होय. लाळ तोंड सतत धुऊन काढते. म्हणून ती कमी झाली, मग ते तोंडाने श्वास घेण्यामुळे असो वा काही औषधांमुळे, की वास वाढतो.

निरोगी हिरडी व दात यांमधील खाच साधारणतः ३ मिलिमीटरपर्यंत खोल असते. दातांवर साचलेला जिवाणूंचा थर वेळीच निघाला नाही, तर लाळेतील क्षारांमुळे त्याचे कठीण किटण बनते. त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर नवे थर साचतात, हिरडी सुजते, तिच्यातून रक्त येते आणि पुढे ती दातापासून सुटून खाच अधिक खोल होते. दंतवैद्य हिला ‘पॉकेट’ म्हणतात. ब्रशचे केस तेथे पोचत नाहीत. यालाच आपण पायोरिया म्हणतो. त्यात दाताभोवतीचे हाड झिजते, पण दुखत फारसे नाही, आणि म्हणूनच रुग्ण उशिरा येतो.

उपचाराचा गाभा यांत्रिक स्वच्छता हाच आहे. स्केलिंगने किटण काढले जाते; पॉकेट खोल असल्यास दातांच्या मुळांचा पृष्ठभागही स्वच्छ व गुळगुळीत केला जातो. किडलेले दात भरणे, सदोष कॅप बदलणे, अर्धवट उगवलेल्या अक्कलदाढेची व्यवस्था लावणे हेही आवश्यक ठरते. ‘स्केलिंगने दात हलतात’ ही भीती मात्र अनेकांना दवाखान्यापासून दूर ठेवते. वस्तुतः हाड आधीच झिजलेले असते व किटणाच्या थराने दात जणू बांधून ठेवलेले असतात. थर निघताच मूळची सैलता उघड होते, हिरडीची सूज उतरल्याने फटीही दिसू लागतात, आणि दोष उपचाराला दिला जातो!

घरी दिवसातून दोनदा ब्रश, दातांच्या फटींची स्वच्छता आणि जीभ घासणे यांना पर्याय नाही. जीभ घासण्याच्या, धार नसलेल्या वक्र धातूच्या पट्टीचे वर्णन चरकसंहितेतही आहे. क्लोरहेक्सिडीनचे द्रावण जिवाणू घटवते. पण दीर्घ वापराने दातांवर डाग पडतात व चव बिघडते, म्हणून ते दंतवैद्याच्या सल्ल्याने मर्यादित काळच वापरावे.

तंबाखूचा प्रश्न वेगळा नाही. महाराष्ट्रात मिश्री, छत्तीसगड व ओडिशात गुडाखू यांनी दात घासले जातात. दंतमंजनात तंबाखू वापरण्यास १९९२ मध्ये बंदी आली, तरी २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतातील २१.४ टक्के प्रौढ धूररहित तंबाखू वापरत असल्याचे आढळले. तंबाखूने हिरड्यांचा विकार बळावतो आणि मुखकर्करोगाचा धोका वाढतो. वास घालवण्यासाठी तंबाखूयुक्त मसाला चघळणारा तर दुहेरी तोट्यात असतो.

राष्ट्रीय मुख आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ मध्ये सुरू झाला. २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेतील आरोग्य केंद्रांच्या विस्तारित सेवांतही मुखआरोग्याचा समावेश आहे. दंतोपचारानंतरही वास टिकला, तर टॉन्सिल व सायनस तपासावेत. श्वासाला पिकल्या फळासारखा वास येत असल्यास रक्तातील साखर विनाविलंब मोजून घ्यावी, कारण अनियंत्रित मधुमेहात ॲसिटोन श्वासावाटे बाहेर पडते.