एकच पावती पुस्तक

रहाटणीतल्या पत्र्याच्या खोलीत राहून कंपनीत पाळ्या केल्या, तेव्हापासून विहारात सतरंजी अंथरतोय. संख्येनं कमी असलेल्यांनी मोठ्या सभागृहात कसं टिकावं, याबद्दल जे उमजलं ते सांगतो.

1. एकी झाली की खुली जागाही जिंकता येते.
मार्च 1998. रात्रपाळी करून आलो तर विहारातल्या टीव्हीसमोर गर्दी. अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे, मुंबईतून रामदास आठवले. काँग्रेसशी समझोता होता, पण एकत्र आलेल्या रिपब्लिकन पक्षाचे हे चौघेही खुल्या मतदारसंघांतून लोकसभेत गेले. शेजारच्या आजी बोटांवर नावं मोजत होत्या. चौथ्या बोटावर थांबल्या आणि पदरानं डोळे पुसले.

2. जिंकल्यावर एकी जास्त जपावी लागते.
तेराच महिन्यांत लोकसभा बरखास्त झाली, गटही वेगळे झाले. 1999 मध्ये चौघांपैकी दोघेच परत निवडून आले. आजींची दोन बोटं मिटली.

3. पक्ष वेगळे असोत, प्रश्नावर एकत्र बसा.
लोकसभेत अनुसूचित जातींना 84 आणि जमातींना 47 जागा राखीव आहेत. हे 131 जण निरनिराळ्या पक्षांत विखुरलेले असतात. व्हीप त्यांचं मत बांधतो, पण एकत्र बसायला त्याची आडकाठी नसते. मार्च 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं अ‍ॅट्रॉसिटी कायदा सैल झाला, तेव्हा सत्ताधारी बाजूच्या दलित खासदारांनीही सरकारकडे आग्रह धरला. ऑगस्टमध्ये संसदेनं कायदा दुरुस्त केला.

4. आतल्या आवाजाला बाहेरून बळ लागतं.
त्या दुरुस्तीआधी 2 एप्रिलचा भारत बंद झाला होता. त्याआधीही हेच दिसलं: रिपब्लिकन नेते दादासाहेब गायकवाड राज्यसभेत होते, तरी 1964 मध्ये भूमिहीनांसाठी त्यांनी देशभर सत्याग्रह उभा केला. लोक तुरुंगात गेले, म्हणून जमिनीचा प्रश्न दिल्लीला टाळता आला नाही.

5. सुरुवात आपल्या गल्लीतून.
आमच्याकडे आंबेडकर जयंतीला दोन मंडळं होती, दोन पावती पुस्तकं. एकाच दारावर दोनदा वर्गणी मागायला जायचो आणि नळाच्या पाण्यासाठी अर्जही दोन द्यायचो. एका वर्षी दोन्हीकडची माणसं एकाच सतरंजीवर बसवली, पुस्तक एक केलं. त्या वर्षी पाण्याचा अर्जही एकच गेला, खाली दोन्ही मंडळांच्या सह्या होत्या. दिल्लीतल्या आपल्या खासदारांकडे मी तेवढंच मागतो: पक्ष कुठलाही असो, आपल्या माणसांच्या अर्जाखाली सगळ्यांची सही असू द्या.