कोल्ह्यासाठी कोणती बंदूक?



ऊस पुरुषभर उंच झाला, कांड्यांत साखर भरू लागली, की गट कार्यालयात एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, उसात कोल्ही फार माजलीत. जवळून मारायची तर रायफल कितीच्या बोअरची घ्यावी?" कोणी म्हणतो पॉइंट टू-टू बरी, काडतूस स्वस्त पडते. कोणी म्हणतो तीनशे पंधराच पाहिजे, एका गोळीत काम. चर्चा चहा संपेपर्यंत चालते आणि तिथेच राहते. या अंकात आम्ही हा विषय जरा मुळापासून घेतला आहे.

उत्तर आधीच सांगून टाकतो. उसातल्या कामाला रायफल नको, आणि कोल्ह्यावर तर आज कोणतीच बंदूक नको. हे नुसते सांगून पटणार नाही हे आम्ही जाणून आहोत, म्हणून कारणे देतो.

आधी चोर ओळखा

कोल्हा आणि खोकड ही दोन वेगळी जनावरे आहेत. आपला कोल्हा आठ ते दहा-अकरा किलोचा, कुत्र्याच्या चणीचा, सांजेला कोल्हेकुई करणारा. खोकड त्याहून पुष्कळ लहान, दोन-तीन किलोची, झुपकेदार शेपटीची, माळावर बीळ करून राहणारी. खोकड उसाच्या वाटेला जात नाही. ती टोळ, उंदीर, सरडे, बोरे यांवर जगते. इंग्लंड-ऑस्ट्रेलियाच्या पुस्तकांतून कोल्ह्याच्या शिकारीसाठी ज्या रायफली सांगितलेल्या असतात, त्या खोकडीच्या तांबड्या भाऊबंदासाठी, तिकडच्या मोकळ्या कुरणांसाठी आणि तिकडच्या कायद्याप्रमाणे. पैठण-गंगापूरच्या बागायतीला तो सल्ला जसाच्या तसा लावता येत नाही.

कोल्हा ऊस खातो, यात शंका नाही. काकडीला राजी होणारा प्राणी उसाला का सोडील? पण तो खातो किती ते पाहावे. तो बुडाकडचा, तोंडाला येईल तेवढ्या उंचीवरचा ऊस आडवा धरून सोलतो, चावतो आणि तिथेच चोथा टाकतो. नुकसान बहुधा बांधाकडेच्या दोन-चार सऱ्यांत असते. ओल्या सरीत कुत्र्यासारखा, पण थोडा लांबट पंजा उमटलेला दिसतो. विष्ठेत बोरांच्या आठोळ्या आणि केस सापडतात.

ऊस मुळासकट उपटलेला, रूळ फिरवल्यासारखा आडवा झालेला, लागणीतली टिपरी उकरून काढलेली दिसली, तर ते काम रानडुकराचे. जमिनीत दुभंगलेल्या खुरांचे ठसे स्पष्ट दिसतात. लोळलेल्या उसाच्या कांड्या खालून कुरतडलेल्या, बारीक दातांच्या जोडखुणा, शेजारी बिळातली भुसभुशीत माती, तर तो उंदीर किंवा घूस. सकाळी फडात जाऊन हे तिन्ही आपल्या डोळ्यांनी पाहिल्याखेरीज कोल्ह्याच्या नावाने बोट मोडू नये. रात्री ओरडतो तो, म्हणून नाव त्याचे होते. खाऊन गेलेले असते डुक्कर.

हिशेब करून पाहू. समजा, कोल्ह्यांची एक जोडी रात्रीला दहा ऊस नासते. एक ऊस सव्वा किलोचा धरला तर रात्रीचे साडेबारा किलो, शंभर रात्रींचे सव्वा टन. म्हणजे चार हजार रुपयांच्या आसपासचा माल. हे काही थोडे नव्हे. पण हीच जोडी त्या शंभर रात्री फडातले उंदीर आणि घुशी खात असते, आणि त्यांचे नुकसान कोल्ह्यापेक्षा जास्त असते. कुरतडलेल्या कांडीत कुज शिरते, रस आंबतो, उतारा घसरतो. उतारा घसरला की भावाचे काय होते ते सभासदांना आम्ही सांगायला नको. डुकरांचा कळप मात्र एका रात्रीत काही गुंठे झोपवू शकतो. त्या दुखण्याला औषध शोधलेच पाहिजे.

बोअर म्हणजे काय

बंदुका दोन जातींच्या. एक गुळगुळीत नळीची, छर्रे उडविणारी. दुसरी नळीच्या आत पिळाच्या खाचा असलेली. तिच्यातून एकच गोळी गरगर फिरत, सरळ आणि लांब जाते. ती रायफल. रायफलीचा आकडा इंचात असतो. पॉइंट टू-टू म्हणजे इंचाचे बावीस शतांश, सुमारे ५.६ मिलिमीटर. तीनशे पंधरा म्हणजे ०.३१५ इंच, आठ मिलिमीटर. ही .३१५ रायफल आपल्याकडे सरकारी आयुध निर्माणीत, बंगालातील ईशापूर येथे बनत आली आहे. बारा बोअरचे गणित निराळे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती बारा बोअर. व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. म्हणून इथे आकडा लहान तर नळी मोठी.

आता ही हत्यारे उसाच्या रानात आणून पाहा. उसात नजर पोहोचते पाच-दहा पावले. बांधावरून पाहिले तर फार तर वीस-तीस. या अंतराला रायफलीचा काही उपयोग नाही, तिचा गुण लांब पल्ल्यात आहे. तो गुणच इथे धोक्याचा ठरतो. पॉइंट टू-टूची गोळी लहान दिसते, पण उंच धरून सुटली तर मैल-सव्वा मैल जाते. शिवाय ती मऊ शिशाची आणि मंद वेगाची, त्यामुळे दगडाला किंवा पाण्याला लागली की उसळते आणि भलतीकडे जाते. आपल्याकडे बांध काळ्या पाषाणाचे आणि चाऱ्या पाण्याने भरलेल्या. .३१५ ची गोळी सोळा ग्रॅमच्या घरातली. ती जनावराच्या आरपार जाऊन पुढे किती लांब जाईल याचा नेम नाही.

आणि पुढे कोण असते? हंगामात तोडणीच्या टोळ्यांच्या कोप्या फडाच्या कडेलाच असतात. बायकामुले पाचटावर निजलेली असतात. पहाटे चार वाजता कोयता चालू होतो, बैलगाड्या भरत असतात. रात्रीच्या पाळीचे पाणी धरणारा गडी सरीत वाकलेला असतो, बॅटरी विझवून. उसाची पाने गोळी अडवीत नाहीत, फक्त माणूस दिसू देत नाहीत. कोल्ह्याच्या चार हजारांसाठी हा जुगार कोणी खेळू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कायदा बनविणाऱ्यांनाही हे कळत होते, असे दिसते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे तेरावे कलम पाहा. पिकाच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी परवाना मागितला तर कायद्याने पहिले नाव घेतले आहे ते ठासणीच्या बंदुकीचे. ती पुरेशी नाही असे परवाना अधिकाऱ्याचे समाधान झाले, तर वीस इंचांहून कमी नळी नसलेली गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक. पॉइंट टू-टूचा उल्लेख त्याच कलमात आहे, पण रायफल क्लबाच्या सभासदाने निशाणावर नेम धरण्यासाठी. म्हणजे आपल्या चर्चेतला निम्मा भाग कायद्याने पासष्ट वर्षांपूर्वीच निकालात काढला आहे. थ्री-नॉट-थ्री आणि ७.६२ या तर लष्करी गोळीच्या रायफली. त्यांचे नावही काढू नये.

एअरगनबद्दलही विचारणा होते. तिने कोल्हा मरत नाही, जखमी होतो. पुढचा परिच्छेद वाचल्यावर ती का नको ते कळेल.

कोल्हा आज कोठे बसतो

वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा. त्यात २०२२ साली मोठी दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू आहे. अनुसूची नव्याने मांडल्या गेल्या. कोल्हा आता पहिल्या अनुसूचीत आहे, वाघ-बिबट्याच्या पंगतीला. खोकडही तिथेच. पहिल्या अनुसूचीतील जनावर मारण्याची परवानगी राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षकच देऊ शकतात. तीही ते माणसाच्या जिवाला धोकादायक झाले असेल, किंवा बरे न होण्याइतके जायबंदी वा रोगी असेल तरच. पीक खाल्ले हे कारण त्यात बसत नाही. गुन्हा शाबीत झाल्यास शिक्षा तीन ते सात वर्षे कैद आणि निदान पंचवीस हजार रुपये दंड. आणि "शिकार" या शब्दात नुसते ठार मारणे येत नाही. फासा लावणे, सापळा, विष घालणे, जखमी करणे, हे सर्व त्यात येते. म्हणून एअरगन नको, वाघूर नको, आणि मांसात औषध कालवून टाकणे तर मुळीच नको. त्या विषाने गावची कुत्री, घुबडे आणि घारीही मरतात आणि उंदीर मोकळे सुटतात.

रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. त्याच्यासाठी वाट थोडी मोकळी आहे: उभ्या पिकाचे नुकसान हे कारण कायद्याला मान्य आहे, पण लेखी परवानगी लागते. राज्य शासनाने २०१५ साली रानडुक्कर आणि रोही यांच्याबाबत हे अधिकार वनक्षेत्रपाल पातळीपर्यंत आणले. तेव्हा अर्ज तालुक्याच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात करावा. परवानगीने मारलेले जनावरही सरकारचे. त्याचे मटण वाटून घेता येत नाही. ही गोष्ट काही गावांत कटू वाटते, पण आहे ती अशी.

आपल्या जिल्ह्यापुरती एक बाब जास्त आहे. पैठणचे जायकवाडी पक्षी अभयारण्य आणि कन्नडकडचे गौताळा-औट्रम घाट अभयारण्य, दोन्ही १९८६ ची. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने वनखात्याकडे नावाची नोंद करावी, आणि तेथे नवा शस्त्र परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय देऊ नये, असे ३४ वे कलम सांगते. नाथसागराच्या काठची पुष्कळ ऊसशेती या दहा किलोमीटरांत येते. परवान्याचा अर्ज अडून राहिला म्हणजे दर वेळी कारकुनाचा खोडा असतोच असे नाही.

ज्यांच्याकडे परवान्याची बारा बोअर आहे आणि डुकराची लेखी परवानगीही आहे, त्यांच्यासाठी थोडे. तीस पावलांच्या आत मोठे छर्रे म्हणजे एलजी किंवा एसजी काम करतात. पक्ष्यांचे बारीक छर्रे डुकराला फक्त पिसाळवतात. मोठा छर्राही सहा-सातशे मीटर जाऊ शकतो, हे विसरू नये. माळ्यावर बसून खाली जमिनीकडेच बार काढावा, म्हणजे चुकला तरी मातीत जाईल. पान हलले म्हणून चाप ओढू नये. संपूर्ण जनावर डोळ्यांनी दिसले पाहिजे. फडात शिरून बार काढणे पूर्ण वर्ज्य. जखमी डुकरामागे रात्री उसात जाणे म्हणजे मांडी फाडून घेणे होय. शेजारच्या टोळीच्या मुकादमाला आणि बांधकऱ्याला आधी सांगून ठेवावे.

बंदुकीशिवाय

यात सर्वांत स्वस्त उपाय मशागतीतलाच आहे. खालचे पाचट काढून सरीत दाबले, बांध आणि ओढ्याची कड स्वच्छ ठेवली, ऊस लोळू दिला नाही, तर कोल्ह्याला आडोसा आणि उंदराला घर राहत नाही. भरणी चांगली केली की ऊस कमी लोळतो, हे शेतकी खाते पिकासाठी सांगते. तेच इथेही कामी येते. बांधावर राखणीचे कुत्रे असेल तर त्याला रेबीजची लस टोचलेली असावी.

डुकरांसाठी सौर ऊर्जेवरचे झटका कुंपण चांगले. ते क्षणभर धक्का देते, मारीत नाही. वनालगतच्या गावांना यासाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत अनुदान आहे. चौकशी वनरक्षकाकडे करावी. पण मोटारीच्या पेटीतून वीज घेऊन तारेत सोडणे हा वेगळा प्रकार. या तारांना चिकटून महाराष्ट्रात दरवर्षी माणसे दगावतात, कित्येकदा स्वतः मालक किंवा त्याचा मुलगा. त्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागतो.

डुकराने नुकसान केले तर तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे अर्ज द्यावा, पंचनामा होईपर्यंत पडलेला ऊस उचलू नये. पिकाच्या भरपाईच्या यादीत रानडुक्कर, रोही, हरिण, माकड आहेत, कोल्हा नाही. कोल्ह्याने शेळी-करडू मारले तर मात्र पशुधनाची भरपाई मागता येते.

तोडणी चालू असताना फडाच्या चारही बाजूंनी टोळी लावू नये. रस्त्याच्या बाजूने सुरुवात करून ओढ्याच्या किंवा माळाच्या दिशेने तोडत जावे, म्हणजे आतले जनावर आपणहून निघून जाते. फेब्रुवारीनंतर आत पिले सापडतात. मांजराएवढी, अंगावर ठिपके असलेली पिले दिसली तर हात न लावता सर्वांनी बाहेर यावे आणि १९२६ या वनखात्याच्या क्रमांकावर कळवावे. ती बिबट्याची असू शकतात. करमाळा तालुक्यात २०२० च्या डिसेंबरात जो नरभक्षक बिबट्या रीतसर आदेशाने मारला गेला, तोही केळीच्या बागेत, अगदी जवळून. दाट बागायतीत माणूस आणि जनावर यांच्यात अंतर किती कमी उरते ते यावरून लक्षात यावे.

राहिला पिसाळलेला कोल्हा. दिवसाढवळ्या वस्तीत शिरतो, माणसाला भीत नाही, तोंडाला लाळ, दिसेल त्याला चावतो. अशा जनावरापासून स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचविताना ते मारले गेले, तर अकराव्या कलमाने तो गुन्हा होत नाही. मात्र वनखात्याला ताबडतोब कळवावे आणि मेलेले जनावर उघड्या हाताने ओढू नये. चावा घेतला असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची काही भरू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन पहिली लस घ्यावी, खोल जखम असल्यास सीरमही मागावे, आणि डॉक्टर सांगतील त्या तारखांना उरलेल्या लसी पुऱ्या कराव्यात. चावलेल्या बैलाला किंवा म्हशीलाही त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे आणि ते जनावर गोठ्यात वेगळे बांधावे.