मान्सून रत्नागिरीला का अडकला?

“अरबी समुद्रात वादळ आलंय, म्हणजे पाऊस आलाच!” हे वाक्य जूनमध्ये मेसच्या रांगेत हमखास ऐकू येते. पण गणित इतके सोपे नाही. कधी कधी वादळच पावसाची वाट अडवते.

आधी समुद्राच्या तापाबद्दल. एखाद्या भागातले पाणी त्या दिवसांतल्या जुन्या नोंदींपैकी सर्वांत उष्ण १० टक्क्यांत जाऊन बसले आणि सलग निदान ५ दिवस तसेच राहिले, तर त्याला सागरी उष्णतेची लाट म्हणतात. पुण्याच्या आयआयटीएममधील शास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार पश्चिम हिंदी महासागरात अशा लाटा वाढत आहेत.

आता वादळ. चक्रीवादळ म्हणजे आपण थर्मोडायनामिक्समध्ये शिकतो ते हीट इंजिनच! गरम समुद्र हा सोर्स, वरची थंड हवा हा सिंक. पाणी साधारण २६.५ अंश सेल्सिअसच्या वर गेले की इंजिनाला पुरेसे इंधन मिळते. वाफेचे थेंब होताना सुप्त उष्णता सुटते, हवा वर चढते, खाली दाब घटतो आणि चहूकडची दमट हवा आत ओढली जाते. एरवी वादळाचे वारे समुद्र घुसळून खालचे गार पाणी वर आणतात, म्हणजे वादळ स्वतःच आपला गॅस बारीक करते. पण पाणी खोलवर तापलेले असेल तर घुसळूनही गरमच वर येते. मग वादळ लवकर थकत नाही.

मान्सूनलाही हीच दमट हवा लागते. म्हणून वादळ कुठे आणि कधी आहे, यावर सारे अवलंबून. २०२० मध्ये ‘निसर्ग’ तयार होत असतानाच, १ जूनला, मान्सून वेळेवर केरळात आला. २०२३ मध्ये उलटे झाले. ६ जूनला तयार झालेले ‘बिपरजॉय’ तापलेल्या अरबी समुद्रावर रेंगाळत उत्तरेला सरकले आणि १५ जूनला कच्छमध्ये जखाऊजवळ धडकले. मान्सून केरळात ८ जूनला पोहोचला, ११ जूनला रत्नागिरीपर्यंत आला आणि तिथेच थबकला. वादळाने बाष्प आपल्याकडे ओढले, मागचा प्रवाह दुबळा झाला. मुंबईला मान्सून पोहोचला २५ जूनला, म्हणजे दोन आठवडे उशिरा. तोही दिल्लीबरोबर एकाच दिवशी! सगळे खापर वादळावर फोडू नये, कारण तेव्हा प्रशांत महासागरात एल निनोही जोर धरत होता.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी शेती आहे. वादळाच्या सरी पाहून चाड्यावर मूठ धरली आणि पुढे पंधरा दिवस ऊन पडले, तर दुबार पेरणी ठरलेलीच. बियाणे, खत, मजुरी सगळे पुन्हा. म्हणूनच ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असे कृषी खाते सांगते. तेव्हा यंदा घरून “पेरायचं का?” असा फोन आला, तर नुसते ढग बघून उत्तर देऊ नका. वादळ कुठे चाललेय आणि मान्सून कुठवर आलाय, या दोन गोष्टी हवामान खात्याच्या नकाशावर वेगवेगळ्या पाहा, आणि मगच सांगा.