सायकलीची चामडी सीट आणि पावसाळा

कापडाचे गठ्ठे कॅरिअरला बांधून विट्याहून आठवडी बाजार गाठण्यात आमच्या उमेदीची कित्येक वर्षे गेली. सायकल अब्बांची, सीट अस्सल चामड्याची. एका पावसाळ्यात ती भिजली. आम्ही ओल्या सीटवरच बसून घर गाठले आणि लवकर वाळावी म्हणून ती चुलीशेजारी ठेवली. आठ दिवसांत मधोमध झोळ पडला, कडेला भेगा गेल्या. अब्बांनी वर्षानुवर्षे जपलेली वस्तू आमच्या हातून आठवड्यात गेली. अशी सीट ज्यांच्याकडे आहे किंवा जे ती दुरुस्त करतात, त्या बांधवांनी आमच्या चुकीतून शिकावे.

या सीटखाली गादी नसते. जाड चामडे पुढे-मागे रिव्हेटने ताणून बसवलेले असते. हे चामडे झाडाची साल व फळे यांच्या अर्काने कमावलेले असते. आपल्याकडे कोल्हापुरी चपलेचे चामडेही बाभळीची साल आणि हिरडा वापरूनच कमावतात. २०१९ साली त्या चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात सातारा व सांगली हे जिल्हेही आहेत. म्हणजे आपल्या कारागिरांना या चामड्याचा स्वभाव ठाऊक आहे. ते पाणी पिते. ओले असताना त्यावर वजन पडले की ताणते, आणि ताणलेले पुन्हा आखडत नाही. उन्हात किंवा विस्तवाजवळ झटपट वाळवले तर कडक होऊन तडकते.

महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, सांगलीकडे त्याच्या काही अंशच. पण सीट खराब व्हायला एक सर पुरते. म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. मागच्या चाकाला मडगार्ड असावेच. वरच्या पावसापेक्षा चाकाने उडवलेले पाणी खालून अधिक भिजवते.

२. पावसापूर्वी मेण व चरबीचे मलम दोन्ही बाजूंनी पातळ लावावे, खालच्या बाजूला जरा जास्त. चरबी कोणत्या जनावराची, हे दुकानदाराला विचारूनच घ्यावे. पातळ तेल ओतू नये, चामडे ढिले पडते.

३. पावसात प्लास्टिकची पिशवी खालून घट्ट बांधावी. घरी आल्यावर ती काढावी, नाहीतर आत दमटपणा राहून बुरशी धरते.

४. भिजलीच तर कापडाने टिपून सावलीत, वाऱ्यावर वाळवावी. पूर्ण वाळेपर्यंत बसू नये.

५. झोळ वाटला तर नाकाखालचा बोल्ट कोरड्या सीटवरच, पाव फेऱ्याने आवळावा. जास्त आवळल्यास रिव्हेटची भोके फाटतात.

बर्मिंगहॅमची ब्रूक्स कंपनी १८६६ साली सुरू झाली. ती अशा सीट आजही विकते, पण एका सीटला कित्येक हजार रुपये मोजावे लागतात. त्यापुढे मलमाची डबी आणि एक पिशवी म्हणजे काहीच खर्च नाही. दुरुस्ती करणाऱ्या बांधवांनी मृगापूर्वी गिऱ्हाइकाला एवढे जरी सांगितले, तरी त्याचे नुकसान टळेल आणि तो पुन्हा आपल्याच दुकानात येईल.