गांठीची परीक्षा

मानेवर, जबड्यांत, स्तनांत किंवा पोटांत गांठ आढळली म्हणजे आपल्या खेड्यापाड्यांतील लोक बहुधा दोहोंपैकीं एक वाट धरितात. कोणी म्हणतो, “दुखत नाहीं, मग राहूं द्या;” आणि वर्षें घालवितो. दुसरा कर्करोगच झाला असें मनाशीं ठरवून भीतीनें दवाखान्याची पायरी चढत नाहीं. दोघांचीही चूक एकच; गांठ न तपासतांच तिची जात ठरविली जाते. ह्यास्तव गांठीची परीक्षा कशी होते, हें आम्ही ह्या पाठांत थोडक्यांत सांगतों.

१. एक उदाहरण. जळगांवच्या शेजारीं बुलढाणा जिल्ह्यांतील एका खेड्यांत १७ वर्षांच्या मुलाचा जबडा सुजला. दीड वर्ष सूज उतरेना. गांवाकडे निदान होईना. हा कर्करोग तर नसेल, ह्या धास्तीनें बापानें त्याला मुंबईस सर जे. जे. रुग्णालयांत नेलें. तेथील दंतविभागाच्या प्रमुख डॉ. सुनंदा धिवरे ह्यांना ती दांतांच्याच घटकांची गांठ आढळली. तिला ओडोन्टोमा म्हणतात, व ती कर्करोगाची नव्हे. जुलै २०१४ मध्यें सुमारें सात तास शस्त्रक्रिया चालली. गांठ इतकी कठीण कीं, छिन्नी व हातोडी घ्यावी लागली. आंतून मोत्यांसारखे बारीक दांत निघूं लागले. ते मोजतां २३२ भरले! बापाची भीति खोटी ठरली. पण ती खोटी आहे हें तपासल्यावांचून कळलें नसतें.

२. गांठीचे प्रकार. कांहीं गांठी भरीव असतात. त्यांतील पुष्कळ साध्या असून जागच्या जागीं वाढतात. कर्करोगाची गांठ मात्र आसपास व दूरच्या अवयवांत पसरते. कांहीं गांठी पाण्यानें भरलेल्या पिशवीसारख्या असतात. त्यांस सिस्ट म्हणतात. नुसतें पाणी काढलें व पिशवी राहिली, तर ती बहुधा पुन्हां भरते; म्हणून आवश्यक तेथें शस्त्रवैद्य पिशवीही काढितात.

३. परीक्षेचा क्रम. गांठ केव्हां दिसली, किती वेगानें वाढली, हें डॉक्टर प्रथम विचारितात व हातानें चांचपून पाहतात. मग क्ष-किरण, सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन ह्यांनीं तिचा विस्तार कळतो. जरूर तर सुईनें पेशी किंवा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. काढलेली गांठही तपासावयास पाठवितात. तो अहवाल मागून घेऊन जपून ठेवावा.

४. मेंढपाळांनीं विशेष जपावें. आपल्या खानदेशांत मेंढ्यांचे कळप पुष्कळ, व त्यांच्याबरोबर कुत्रींही असतात. मेंढराचीं रोगट आंतडीं, यकृत कुत्र्यानें खाल्लें म्हणजे एक बारीक जंत त्याच्या पोटांत वाढतो. त्याचीं अंडीं विष्ठेवाटे बाहेर पडतात व न धुतलेल्या हातांनीं, भाजीपाल्यानें वा पाण्यानें माणसाच्या पोटांत जातात. मग यकृतांत वा फुफ्फुसांत पाण्याची पिशवी वर्षानुवर्षें हळूहळू वाढते. तिला हायडॅटिड म्हणतात. ती फुटून पाणी शरीरांत सांडलें, तर जिवावर बेततें व नव्या पिशव्या होतात. म्हणून अशी गांठ जाणत्या डॉक्टरांवांचून कोणीही टोंचूं नये. कुत्र्यांस कच्चीं आंतडीं घालूं नयेत, आणि जेवणापूर्वीं हात धुवावे.

५. कोठें जावें. धुळ्यास श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जळगांवास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, आणि कर्करोगासाठीं मुंबईस १९४१ पासून टाटा मेमोरियल रुग्णालय आहे. अनेक शस्त्रक्रियांचा खर्च महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेंतून मिळतो. तिची पूर्वीची योजना २०१२ सालीं ज्या पहिल्या जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत धुळेंही होतें. ह्याची चौकशी रुग्णालयांतच करावी.

उपदेशकांस आमची विनंती आहे. मंडळींतील कोणास तीन आठवड्यांहून अधिक टिकणारी, वाढणारी किंवा कठीण गांठ असल्यास त्यास धीर देऊन स्वतः बरोबर जावें. डाग देणें, लेप लावणें, वस्तऱ्यानें कापणें ह्यांपासून त्यास परावृत्त करावें. गांठ लहान असतांना शस्त्रक्रियाही बहुधा लहानच असते.

सभेंत विचारण्याचे प्रश्न:
(१) गांठ दुखत नाहीं एवढ्यावरून ती निरुपद्रवी कां ठरत नाहीं?
(२) पिशवीतलें पाणी काढून टाकणें पुरेसें कां नाहीं?
(३) आपल्या गांवांत मेंढराचीं आंतडीं कोठें टाकितात?