तुम्ही देव मानत नाही काय?



दीक्षा झाली, देव्हारा उतरला, भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब आले. आता परीक्षा आहे ती पारावर, एस.टी.त आणि पाणवठ्यावर. जत्रा जवळ आली, की साताऱ्याकडे मांढरदेवच्या काळूबाईच्या आणि सांगलीकडे खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या गोष्टी निघतात, आणि कोणीतरी विचारतेच, "काय रं, देव सोडला म्हनं तुमी?"

आपल्यातले बरेचजण पुटपुटतात, "सगळे देव एकच की." उत्तर सोयीचे आहे, पण ते खोटे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांपैकी पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची आहे. बुद्ध हा विष्णूचा अवतार, हे पाचवीने खोटे ठरविले. चारचौघांत घेतलेली प्रतिज्ञा चारचौघांतच गिळायची काय? "होय, आम्ही देव मानत नाही," असे सरळ सांगावे.

काही तरुण मात्र दुसऱ्याच्या देवाला शिव्या देतात. सम्यक वाचेत खोट्याइतकेच कठोर बोलणेही वर्ज्य आहे. तेविज्ज सुत्त पाहा. ब्रह्म्याकडे जाण्याचा खरा मार्ग कोणता, यावर वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण भांडत तथागतांकडे आले. तथागतांनी एवढेच विचारले, की तुमच्या त्रैविद्य ब्राह्मणांपैकी कोणी ब्रह्मा पाहिला आहे काय? त्यांच्या गुरूने? मागच्या सात पिढ्यांत कोणी? वासेट्ठ प्रत्येक वेळी नाही म्हणत गेला. मग एकमेकांना धरून चाललेल्या आंधळ्यांच्या रांगेची उपमा आली. कोणाचाही अपमान झाला नाही, आणि शेवटी दोघेही शरण आले.

बोलणे सोपे आहे असे नव्हे. साताऱ्याचेच डॉ. नरेंद्र दाभोलकर. त्यांनी १९८९ साली उभी केलेली अंधश्रद्धा निर्मूलन समिती देव आहे की नाही या वादात पडत नव्हती, केवळ शोषणाला विरोध करीत होती. तरी २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. समोर जमाव तापलेला असेल तर उठून घरी यावे. त्यात भित्रेपणा नाही.

आणि घरातली म्हातारी? तिने देवीचा टाक लुगड्याच्या घडीत लपविला असेल. तो हिसकावू नका, सात पिढ्यांचा प्रश्नही तिला घालू नका. जवळ बसून विचारा, "आई, काळूबाईला काय मागतेस?" नातवाचा ताप उतरू दे म्हणाली, तर त्याला आजच दवाखान्यात न्या, आणि तिलाही सोबत घ्या.