पाटणादेवी ते पितळखोरे : पाठीवरचं ओझं कामी आलं

चाळीसगाव स्टेशन, तिथून एसटी किंवा काळी-पिवळी, साधारण अठरा किलोमीटरवर पाटणादेवी. मंदिर, केदारकुंड, धवलतीर्थ, कण्हेरगड यांची माहिती कुठेही मिळेल. वनखात्याच्या नाक्यावर नोंद करा आणि गावातला वाटाड्या घ्याच. नवरात्रात आणि पावसाळी रविवारी मात्र तिकडे फिरकू नका. कुंडाकाठी वेफर्सची पाकिटं आणि डायपर बघायला एवढं चालायचं कारण नाही.

इतिहास सांगायचा तर, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला. त्याचा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. एवढं पुरे, ऊन चढतंय.

आमचा बेत नदीपात्राने आत शिरून नाल्याने पितळखोऱ्याच्या लेण्यांशी चढायचा, तिथून पायऱ्यांनी पठार गाठायचं आणि कालीमठावरून कन्नड रस्त्याला लागायचं, असा होता. पुढचे काही दिवस डोंगररांगेनेच चालायचं असल्याने तंबू, शिधा, ताडपत्री असं सगळं पाठीवर होतं. नाक्यावर भेटलेल्या एका ग्रुपला आमच्या सॅक बघून हसू आवरेना. एक बाटली आणि मोबाइल घेऊन पळणारेच म्हणे अस्सल ट्रेकर. तसं बघायला गेलं तर अस्सल एकच, २०२१ मध्ये विदर्भातल्या टिपेश्वरहून चालत इथल्या गौताळा अभयारण्यात आलेला वाघ. त्याच्याकडे बाटलीही नव्हती.

नाला दमवतो. धोंडे हलतात, ओझ्यामुळे तोल जातो, आणि अंजन-धावड्याची सावली नेमकी चढावर संपते. कड्याखाली पोचलो तेव्हा दहा वाजले होते. वर कातळाच्या पोटाला आग्या मोहोळं लटकलेली होती, काळपट, सुपाएवढी. नीट पाहिलं तर त्यांच्या अंगावरून एक लाट सरसर फिरायची. माश्या एकामागून एक पोट उचलतात त्याची ती लाट. ती वारंवार दिसायला लागली की आपण नकोसे झालो असं समजावं. वाटाड्या तर कुजबुजतच बोलत होता.

तेवढ्यात पठाराच्या बाजूने पायऱ्या उतरून एक टोळकं आलं. स्पीकर चालू, शिट्ट्या, आणि मग कुणीतरी कड्याकडे दगड भिरकावला. आवाज आधी आला, माश्या नंतर दिसल्या.

"पयू नका भाऊ, बठी जावा!" वाटाड्या ओरडला. सॅक टाकल्या, ताडपत्री ओढली, करवंदीच्या जाळीला टेकून सगळे तिच्याखाली गोळा झालो आणि कडा बुडाखाली दाबून धरल्या. वरून टपटप माश्या आपटत होत्या. ज्याचा हात बाहेर राहिला त्याच्या मनगटावर चार डंख बसले, बाकीच्यांचं एखाद-दुसऱ्यावर निभावलं. अर्ध्या तासाने आवाज विरला, तसे पाय न वाजवता खाली सरकलो. वरचं टोळकं हात झाडत पळत सुटलं होतं. माश्या त्यांच्या मागे पायऱ्यांच्या टोकापर्यंत गेल्या आणि त्यातल्या एकाला गाडीत घालून कन्नडला न्यावं लागलं, असं संध्याकाळी कळलं.

म्हणून सांगतो. सपाट, मोकळी वाट असेल तर नाक-डोळे झाकून सरळ लांब पळा, गाडी किंवा घर गाठा. नाल्यात किंवा कड्यावर पळाल तर डंखाआधी हाड मोडेल. तिथे जाड कापडाखाली निश्चल बसणं आमच्या तरी उपयोगी पडलं. माश्या मारू नका. चिरडलेल्या माशीच्या वासाने आणखी येतात. पाण्यात उडी नको, त्या वर घिरट्या घालत राहतात. नांगी नखाने खरवडून लगेच काढा. ओठ सुजले, श्वास लागला किंवा डंख खूप असले तर घरगुती उपायात वेळ न घालवता थेट दवाखाना. आणि धूर, डिओ, अत्तर तिथे अजिबात नको.

गंमत म्हणजे या लेण्यांना दान देणाऱ्यांत पैठणचा मितदेव नावाचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी होता, तसं तिथला लेख सांगतो. लेणी इसवीसनाच्या आधीची, हत्तींची रांग अप्रतिम. कण्हदास सोनाराने घडवलेला यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ती लेणी आम्ही दुसऱ्या दिवशी वरून, रस्त्याने जाऊन पाहिली.

तुम्ही खालूनच चढणार असाल तर नाक्यावर पहिला प्रश्न मोहोळांचा विचारा, आणि ती बसली असतील तर नाला सोडून द्या. डिसेंबर सरला की नाल्यातली डबकी आटतात, तेव्हा माणशी चार लिटर पाणी पाटणादेवीलाच भरून घ्या.